लहान पोटाचा वायरमन

वायरमनला कोणी उपाशी परत पाठवत नाही. मी शिरूर तालुक्यात वीज बोर्डात वायरमन म्हणून उमेदीची सगळी वर्षं काढली, त्यातली बहुतेक तळेगाव ढमढेरे आणि आसपासच्या वस्त्यांवर. एवढ्या काळात कुणाच्या डीपीचं काम करून कोरड्या तोंडानं परतलोय, असं मला आठवत नाही. डीपी म्हणजे दोन खांबांच्या मध्ये बसवलेला ट्रान्सफॉर्मर. एकेका डीपीवर पंधरा-वीस शेतकऱ्यांच्या मोटारी चालतात. डीपी बंद पडला की उभा ऊस वाळायला लागतो, आणि एवढी सगळी घरं एकाच माणसाच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. तो माणूस आला की त्याला काय खाऊ घालू आणि काय नको, असं होऊन जातं.

दौंड तालुक्यातलं खुटबाव हे माझं गाव. तिथून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नोकरीवर आलो तेव्हा मी इतका काटकुळा होतो, की पोलावर चढलो तरी खालून दिसत नाही म्हणायचे. मग चहा सुरू झाले. चहाबरोबर शेव, शेवेनंतर हुरडा, कुणाकडे कोंबडी, कुणाकडे गुळाची पोळी. एक पोल्ट्रीवाले होते. त्यांची वीज गेली की शेडमधले पंखे थांबायचे आणि उन्हाळ्यात पक्षी पटापटा मरायचे. असा माणूस घाई करेल असं वाटतं ना? पण ते खांबाखाली ताट घेऊनच उभे राहायचे. म्हणायचे, "आधी जेवा. भुकेल्या माणसाच्या हातून जोड ढिला राहतो." चार-चार उकडलेली अंडी, वर रस्सा. मी खायचो आणि चढायचो.

दहा-बारा वर्षांत माझं वजन एकशे अडतीस किलो झालं. कमरेचा बेल्ट, ज्याच्या आधारानं वायरमन खांबाला बांधून घेतो, त्याचं शेवटचं भोकही पुरेना. एकदा शिडीची पायरी माझ्या पायाखाली मोडली आणि मी दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारून लोंबकळत राहिलो. आमच्या साहेबांनी मला खांबावरून काढून ऑफिसात बसवलं. तक्रारी घ्यायच्या, फोन उचलायचे. गावात लोक हसून म्हणायचे, "वायरमनचा आता ट्रान्सफॉर्मर झालाय." मीही हसायचो.

हसणं थांबलं ते एका दुपारी. न्हावऱ्याच्या रस्त्यानं मोटारसायकलवर चाललो होतो. डोळे उघडले तेव्हा मी उसात होतो, गाडी माझ्या अंगावर, चाक फिरत होतं. चालत्या गाडीवर मी झोपलो होतो. समोरून उसाची ट्रॉली येत होती की नव्हती, हेसुद्धा मला सांगता येईना. शिरूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "घोरता का?" माझी बायको सुमन म्हणाली, "घोरत्यात, आन् मधीच श्वास थांबतो. मी हलवून जागं करते." हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. कित्येक रात्री ती माझा श्वास ऐकत पडून राहायची.

साखर होती, रक्तदाब होता, गुडघे गेले होते. डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. वजन कमी करायचं ऑपरेशन असतं हे आमच्याकडे कुणी ऐकलेलंही नव्हतं. सर्जननी कागदावर चित्र काढून दाखवलं. पोटाचा वरचा चहाच्या कपाहून लहान भाग वेगळा करायचा आणि आतडं तिथं आणून जोडायचं. ते म्हणाले, "ऑपरेशन आमचं काम. पुढचं सगळं तुमचं, आणि ते जन्मभराचं आहे." मला पहिलं वाक्य ऐकू आलं. दुसरं तेव्हा कानावरून गेलं.

खुटबावहून आई आली. "चालत्याबोलत्या माणसाचं पोट कापत्यात व्हय?" म्हणून रडायला लागली. ऑपरेशनला नेताना सुमननं फक्त माझ्या पायाच्या अंगठ्याला हात लावला. मी अकरा हजार व्होल्टच्या तारेखाली आयुष्य काढलेला माणूस, पण त्या ढकलगाडीवर माझे दात वाजत होते.

ऑपरेशन नीट झालं. आधी नुसतं पाणी, मग ताक, वरणाचं पाणी, मग घोटलेलं अन्न. पहिल्यांदा भाकरीचा तुकडा खाल्ला तो नेहमीच्या सवयीनं, दोनदा चावून. तो छातीच्या मधोमध अडकला. तोंडाला पाणी सुटलं, पाठीतून कळ निघाली. मला वाटलं, टाके उसवले, आता संपलं. न्हाणीत जाऊन ओकलो आणि भिंतीला टेकून बसलो. सुमन पाठ चोळत राहिली. त्यानंतर बरेच दिवस ताट समोर आलं की मी आधी न्हाणीचं दार उघडं आहे ना ते बघायचो. ज्या माणसानं पंगती गाजवल्या, त्याला मऊ खिचडीची भीती वाटायची.

दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमनी सगळं समजावून सांगितलं होतं. आधी अंडं, डाळ, पनीर, मासा, मग जागा उरली तर भाकरी. घास लहान, पार पीठ होईपर्यंत चावायचा. जेवताना पाणी नाही. गोड नाही, गोड प्यायचं तर मुळीच नाही. जीवनसत्त्वाच्या गोळ्या कायमच्या, आणि ठरल्या वेळी तपासणी. पहिले सहा-सात महिने मी हे देवाचं केल्यासारखं पाळलं. वजन उतरत गेलं. साखरेच्या गोळ्या बंद झाल्या. रोज सकाळी कॅनॉलच्या कडेनं चालायचो. घोरणं थांबलं, तर सुमनला शांततेनंच जाग यायला लागली. ती माझ्या नाकाशी हात धरून बघायची.

वर्षाच्या आत मी पन्नास किलो उतरलो, आणि इथून दुसरंच भय सुरू झालं.

त्या काळात हायवेच्या गावांतून एड्सचं नाव लोक दबक्या आवाजात घेत. कुणी ट्रक ड्रायव्हर वाळत गेला, कुणाची बायको माहेरी गेली, की तेच. माझे गाल बसले, मान बारीक झाली, केस गळायला लागले. ऑपरेशनचं सांगितलं तरी कुणाला पटेना. पोट लहान करतात, यावर कोण विश्वास ठेवणार? न्हाव्यानं माझ्यासाठी नवं पातं उघडलं, ते ठीक. पण नंतर चिमट्यानं उचलून टाकलं. एका वस्तीवर बाकीच्यांना कपात चहा आणि मला कागदी पेल्यात पाणी. मेव्हणे एकदा येऊन सुमनला बाजूला घेऊन बोलले. ते गेल्यावर तिनं दार लावलं आणि म्हणाली, "तुम्ही चारचौघांत खात का न्हाई? लोकांना दिसू द्या की, तुम्ही खाताय." तिच्या डोळ्यांत मला दिसलं ते असं, की बाहेरच्यांना ती ठणकावून सांगत होती, पण आत कुठंतरी तिलाही भीती चाटून गेली होती.

मी त्यावर काय करणार? मला दिसत होतं, मी बरा झालोय. साहेबांनी परत लाइनवर घेतलं. बेल्ट कमरेला दोनदा फिरला असता. पुण्याच्या तपासणीला जायचं मी टाळायला लागलो. गोळ्या संपल्या त्या परत आणल्या नाहीत. पायांना मुंग्या यायच्या, त्या चपलांमुळे येतात असं मी ठरवून टाकलं होतं.

लाइनवर माझ्या जोडीला बशीरभाई होते. माझ्याहून बरेच मोठे, निवृत्तीला आलेले, बारीक अंगाचे, कमी बोलणारे. खांबावर मी असायचो आणि खाली ते. आमच्या कामात खालचा माणूस महत्त्वाचा. आधी सबस्टेशनला फोन करून लाइन बंद घ्यायची. मग तारांना अर्थिंग लावायचं, म्हणजे चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जाईल. काम झालं, माणूस खाली उतरला, मग अर्थिंग काढायचं आणि मगच सबस्टेशनला सांगायचं, "द्या लाइन." यातली एक पायरी पुढंमागं झाली तर वरच्या माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही.

म्हाकू आबांच्या वस्तीवरचा डीपी बंद पडला तो ऐन उन्हाळ्यात. आबांचे वाडवडील मेंढरं घेऊन फिरायचे. आबांनी कॅनॉलच्या पाण्यावर ऊस केला आणि इथेच घर बांधलं. त्या दिवशी त्यांच्या घरी पणतीचं बारसं होतं. पाव्हणे जमलेले, आणि मोटार बंद, टाकीत पाणी नाही. आम्ही पोचलो तेव्हा मंडपातली माणसं माझ्याकडे वळून बघायला लागली. मला ती नजर कळायची. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं; एकापाठोपाठ एक तक्रारी होत्या.

घरातून आबांच्या बायको, सगळ्यांच्या आजी, बाहेर आल्या. मोठा पितळी पेला भरून उसाचा रस. "घ्या वायरमन. घरच्या उसाचा हाय."

मी म्हणालो, "नको आजी, मला चालत नाही."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "न्हाई चालायचं. त्यांचं येगळं हाय आता." दोन-तीन माणसं खाली बघायला लागली.

आजींनी ऐकलं. त्यांनी पेला मागे घेतला नाही. उलट म्हणाल्या, "माझ्या पणतीचं बारसं हाय. माझ्या हातचं न्हाई म्हनू नगा." त्यांनी तो रस सगळ्यांसमोर मला घरच्या पितळी पेल्यात दिला होता, कागदी पेल्यात नाही. मला तेवढंच दिसलं. बशीरभाई म्हणाले, "किसनराव, जरा दमानं." पण मी पेला तोंडाला लावला आणि सगळ्यांच्या देखत संपवला. मंडप जरा सैल झाला. आबा म्हणाले, "बघा, काय झालंय त्यांना? काय बी न्हाई."

थोड्याच वेळात पोटात मुरडा आला, अंग तापलं, छाती धडधडायला लागली. मी लिंबाखाली बसलो. ते हळूहळू ओसरलं. मला वाटलं, झालं ते इतकंच. लाइन बंद घेतली, अर्थिंग लावलं, सामान जुळवलं, यात तास-दीड तास गेला, आणि मी चढलो.

वरची तार ट्रान्सफॉर्मरला जोडणारा जंपर तुटला होता. तो बांधायचा, एवढंच काम. हजारदा केलेलं. पण पाना हातात धरला आणि हात थरथरायला लागला. मग घाम सुटला, उन्हाचा नव्हे, गार घाम. समोरच्या तीन तारांच्या पाच झाल्या, मग परत तीन. खाली मंडपातले आवाज पाण्याखालून आल्यासारखे लागत होते. मी कुठल्या खांबावर आहे हे मला आठवेना. तळेगाव की खुटबाव? एवढं मात्र वाटत होतं की काम संपलंय आणि मला घरी जायचंय.

हे पुढचं मला बशीरभाईंनी नंतर सांगितलं. मी वरून ओरडलो, "झालं. अर्थिंग काढा. लाइन द्या."

लोक खूश झाले. कुणीतरी बशीरभाईंना म्हणालं, "लावा की फोन." बशीरभाईंच्या हातात मोबाइल होता. वायरमन 'झालं' म्हणाला की खालच्या माणसानं फोन करायचा, हीच आमची रीत. त्यांनी वर बघितलं. माझा डावा हात अजून तारेवर होता.

"आधी खाली उतर," ते म्हणाले.

"द्या म्हणतोय ना लाइन!" मी चिडून ओरडलो. सुमन म्हणते, मी तिच्यावर आयुष्यात आवाज चढवला नाही. त्या माणसावरही कधी चढवला नव्हता. बशीरभाईंनी ओळखलं, की हा किसन बोलत नाही. त्यांनी मोबाइल म्हाकू आबांच्या हातात दिला. "आबा, ह्याला कुणी हात लावायचा न्हाई. कुणीबी. माणूस वर हाय." आणि चपला काढून, त्या वयात, ते खांबावर चढले.

मला एवढं आठवतं की एक हात माझ्या पाठीमागून आला आणि मला खांबाशी दाबून धरलं. मी बेल्टची कडी सोडायला बघत होतो. ती सुटली असती तर मी सरळ खालच्या दगडांवर गेलो असतो. बशीरभाईंनी माझी बोटं एकेक करून सोडवली. त्यांना स्वतःला डायबेटीस होता. असा घाम, असं बरळणं त्यांनी अंगावर काढलेलं होतं. "साखर उतरलीय तुझी," ते कानाशी म्हणाले आणि खिशातली लिमलेटची गोळी त्यांनी माझ्या तोंडात घातली. "चोख. नुसती चोख. मी हाय." एक गोळी, मग दुसरी. किती वेळ गेला ठाऊक नाही. खाली सगळा मंडप मान वर करून उभा होता. लहान मूल रडत होतं, तेवढाच आवाज.

हळूहळू तारा तीनच राहिल्या. माझा हात कुठे आहे ते मला दिसलं. मी काय म्हणालो होतो तेही आठवलं, आणि तेव्हा जी भीती वाटली तशी त्याआधी नाही, त्यानंतर नाही. मी खांबाला कपाळ लावून रडलो. बशीरभाई म्हणाले, "रड, पण बेल्ट धरून रड."

खाली उतरल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "पुण्याला जाऊन दाखवून येत न्हाई, तवर मी तुझ्याबरोबर खांबाजवळ जाणार न्हाई. साहेबाला काय सांगायचं ते सांग."

दुसऱ्याच दिवशी सुमन आणि मी पुण्याला गेलो. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की मला आता पाणी धरून ठेवणारं पोट उरलेलं नाही. रस थेट आतड्यात जातो, साखर एकदम वर चढते, शरीर घाबरून तिला खाली खेचतं आणि गरजेपेक्षा खाली नेतं. म्हणून गोड प्यायचं नाही, आणि उपाशी राहायचं नाही. रक्त तपासलं. लोह कमी, बी-ट्वेल्व्ह फार कमी. पायांच्या मुंग्या त्याच्याच होत्या. आणखी वर्षभर असंच काढलं असतं तर पाय कायमचे बधिर झाले असते, म्हणाल्या. सुमननं सगळं दोनदा विचारून घेतलं. परतीच्या गाडीत ती म्हणाली, "मला वाटलं हुतं, आपरेशन झालं म्हंजी सुटलो." मलाही तेच वाटलं होतं.

त्यानंतर मी जे शिकलो ते फार मोठं नाही. पिशवीत पान्याच्या शेजारी डबा आला. उकडलेली अंडी, मटकीची उसळ, पनीरचे तुकडे. दर दोन-तीन तासांनी दोन घास, भूक असो नसो. चढण्याआधी बशीरभाई विचारायचे, "खाल्लंस?" मी हो म्हटल्याशिवाय ते सबस्टेशनला फोन करायचे नाहीत. तपासणी चुकवली नाही. तरी तीनेक वर्षांनी वजन परत वाढायला लागलं. पोट लहान असलं तरी फरसाण थोडंथोडं दिवसभर जातं, हे मला काट्यावर उभं राहिल्यावर कळलं. पाच, मग आठ किलो. त्या काट्यावरून उतरताना मला ते उसातलं फिरणारं चाक दिसलं. परत मॅडमकडे गेलो, परत पहिल्यापासून. आजही सकाळी वजन करताना माझे पाय गार पडतात. ते गार पडायचे थांबावेत असं मला वाटत नाही.

म्हाकू आबांच्या घरच्या त्या आजी त्यानंतर कित्येक दिवस माझ्यासमोर आल्या नाहीत. मीच एकदा त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. त्या दारामागून म्हणाल्या, "माझ्या हातानं जीव चालला हुता तुमचा."

मी म्हणालो, "आजी, त्या दिवशी सगळ्या मंडपात मला घरच्या पेल्यात देणाऱ्या तुम्ही एकट्या होता." त्यावर त्या बाहेर आल्या आणि काय चालतं ते विचारलं. बिनसाखरेचं ताक, म्हणालो. त्यांनी ते अर्ध्या वाटीत आणलं आणि मी घोट घोट पिईपर्यंत समोर बसून राहिल्या, मध्ये मध्ये माझ्या कपाळाकडे बघत, घाम येतो का म्हणून.

मला शेवटपर्यंत जमलं नाही ते पंगतीत बसणं. आमच्याकडे सगळ्यांचं झाल्याशिवाय पंगत उठत नाही. शेजारचा हात वाळवत बसतो, पुढची पंगत मागे उभी असते, आणि माझा चौथा घास चालू असतो. घाई केली की घास अडकतो, अडकला की सगळ्यांसमोर ओकायची पाळी. म्हणून लग्नाकार्यात मी वाढप्यांत उभा राहायचो.

बशीरभाई निवृत्त झाले तेव्हा शिरूरला त्यांच्या घरासमोर मंडप घालून जेवण होतं. मटण आणि भात. मी नेहमीप्रमाणे वाढायला भांडं उचललं. त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि मला शेजारी बसवलं. मी मटणाचे बारीक तुकडे केले आणि चावायला लागलो. एकेक जण संपवत गेला. साहेब संपवून बसले. मागे माणसं उभी राहिली. मी ताट बाजूला सारायला लागलो. समोरून कुणीतरी विचारलं, "उठायचं का?"

"थांबा," बशीरभाई म्हणाले, "आमचं दोघांचं चाललंय." त्यांचं ताट केव्हाच रिकामं झालं होतं. त्यांनी वाढप्याला बोलावून पळीभर भात घेतला आणि एक शीत, दोन शितं असं खात बसले. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. समोरचा माणूस परत मांडी घालून बसला. मागचे लोक सावलीला सरकले. मी एकेक घास पार पीठ होईपर्यंत चावला. शेवटचा गिळला, तो खाली गेला, थोडा वेळ थांबलो आणि म्हणालो, "झालं."

बशीरभाईंनी माझ्या हाताकडे एकदा बघून घेतलं. मग ते उठले, आणि त्यांच्यामागं सगळी पंगत उठली.